हिरवी वायर

गेल्या श्रावणात आईच्या घरातली वीज सलग तीन रात्री एकाच वेळी गेली. साडेनऊच्या सुमारास, ती जेवणानंतरची भांडी विसळायला घेते तेव्हा. तिसऱ्या रात्री तिचा फोन आला.

"शेजारी हाय, रस्त्यावर हाय. आपलीच तेवढी जातीया. डब्यातला खटका वर केला की येती."

"घरघरी लावली होतीस काय?"

"लावली हुती की."

"मग आता लावू नको. मी रविवारी येऊन बघतो."

(आम्ही कोल्हापूरच्या बायका 'येतो', 'जातो', 'बघतो' असंच बोलतो. लिहिताना मात्र शाळेतल्या बाई आठवतात.)

चौथ्या रात्री परत फोन. तिनं घरघरी लावली नव्हती. तरी वीज गेली होती.

घरघरी हे आईनं ठेवलेलं नाव. सिंकखाली बसवलेलं गार्बेज डिस्पोजर. आमच्या गावात ते फार घरांत दिसत नाही, त्यामुळे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सिंकच्या भोकाखाली लहान घागरीएवढा एक डबा लटकत असतो, त्याच्या खालच्या अर्ध्यात मोटर. आत मिक्सरसारखी पाती असतात असं सगळ्यांना वाटतं, पण तशी नसतात. मोटरवर फिरणारी एक चकती, तिच्यावर सैल बसवलेले दोन धातूचे तुकडे आणि भोवती दातेरी कडं. चकती फिरली की खरकटं कडेला फेकलं जातं, दात्यांवर किसलं जातं आणि नळाच्या पाण्याबरोबर वाहून जातं. म्हणजे हे यंत्र मिक्सरपेक्षा किसणीच्या जवळचं. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावचा आर्किटेक्ट जॉन हॅम्स यानं ते 1927 साली घरच्या स्वयंपाकघरासाठी बनवलं आणि 1935 साली त्याला पेटंट मिळालं.

आमच्याकडं ते आलं 2016 साली, दादामुळं. तो अमेरिकेत असतो. त्याच्या घरातलं डिस्पोजर एकदा बंद पडलं तेव्हा त्यानं स्वतःच नवं बसवलं होतं, कारण तिथं कारागीर बोलवायचा तर यंत्राच्या किमतीएवढी मजुरी. त्या कामावर तो फार खूश होता. आईच्या स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा म्हणाला, तिकडून एक घेऊन येतो. आण्णांनी फोनवरच अडवलं. "तुझ्याकडं 120 व्होल्ट. हितं 230. चहा उकळायच्या आत मोटर जळंल." मग इथल्या दाबावर चालणारं मागवलं.

आण्णांना मोटरीतलं कळायचं. शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्या शर्टाला वॉर्निशचा वास असायचा. सुट्टीच्या दिवशी ते गल्लीतली वायरिंगची कामं करायचे आणि आम्हा दोघांना बरोबर न्यायचे. पक्कड आणि टेस्टर दादाच्या हातात. टॉर्च माझ्या हातात. दादा पुढं कॉम्प्युटर शिकला, मी बँकेत लागले. पक्कड दोघांच्याही कामाची राहिली नाही.

डिस्पोजर बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनच्या वेळी आण्णांचे हात थरथरायला लागलेले होते. ते खुर्चीवर बसून बघत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अर्थ दिलंय का?" तो सिंकखालूनच म्हणाला, "दिलंय की, काका." नंतर एकदोनदा आण्णा मला म्हणाले, "ते एकदा उघडून बघ." मी म्हणाले, बघू. चार वर्षांपूर्वी आण्णा गेले. मी बघितलं नव्हतं.

त्या रविवारी दादाला व्हिडिओ कॉल लावला. मोबाईल तेलाच्या बरणीला टेकवून सिंकखाली आडवी झाले. सिंकखाली प्लगपॉइंट नव्हताच. भिंतीतून एक केबल आलेली, यंत्रातून एक केबल आलेली आणि दोन्हींच्या मध्ये काळ्या टेपची गाठ. दादा म्हणाला, "हां, हे हार्डवायर्ड आहे. माझ्याकडंही तसंच होतं. ओट्यावरचं बटण बंद कर, टेप काढ. काळी वायर फेज असेल, पांढरी न्यूट्रल."

"दादा, इथं पांढरी नाहीच आहे. लाल आणि काळी आहे."

"मग काळी सांभाळ."

मी थांबले. दादा चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या घरात काळी वायर जिवंत आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये फेज लाल, पिवळी किंवा निळी, आणि काळी न्यूट्रल. नव्या उपकरणांच्या केबलमध्ये तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. म्हणजे निळी वायर भिंतीतून आली तर फेज असू शकते आणि यंत्रातून आली तर न्यूट्रल. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कुणीतरी दादाला शिकवत असताना मी टॉर्च धरून ऐकलं होतं.

"रंगावर जाऊ नको, टेस्टर लाव," मी म्हणाले. आण्णांचं वाक्य, त्यांच्याच आवाजात निघालं. दादा पलीकडं हसला.

बटण बंद केलं. टेप सोडवत गेले आणि उघड्या झालेल्या लाल टोकाला टेस्टर लावला. आतला दिवा पेटला.

"बटण बंद आहे ना?"

"बंद आहे."

"परत बघ."

परत बघितलं. बटण चालू केलं, दिवा पेटला. बंद केलं, दिवा पेटलेलाच. बटण फेजवर नव्हतंच. त्या माणसानं ते न्यूट्रलवर घातलं होतं. अशा जोडणीत यंत्र बटणानं व्यवस्थित चालू-बंद होतं, त्यामुळं कुणाला काही कळत नाही. फक्त वीज कायम यंत्रात येऊन उभी असते. बटण बंद करून आपण तिचा परतीचा रस्ता तेवढा बंद करतो. गेली कित्येक वर्षं घरघरी चोवीस तास जिवंत होती.

मेन बंद केला. घर गप्प झालं. फ्रीजचा आवाज थांबला तेव्हा पाऊस ऐकू आला. आता टेस्टर लाल वायरीला लावला तर दिवा पेटला नाही. पण आण्णांचा नियम असा, की न पेटलेल्या टेस्टरवर विश्वास ठेवायचा नाही. टेस्टरच मेला असेल तर? आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून बघायचा, मग आपल्या वायरीला, मग पुन्हा चालू पॉइंटवर. टेस्टरमधून अगदी थोडी वीज आपल्याच अंगातून जमिनीत जाते, म्हणून तो पेटतो. पायात रबरी चप्पल असली, खोलीत उजेड जास्त असला, की पेटलेलाही दिसत नाही. आता घरात तर एकही पॉइंट चालू नव्हता. म्हणून मी टेस्टर घेऊन समोरच्या काकूंच्या दारात गेले.

"काकू, तुमच्या सॉकेटमध्ये जरा हे घालून बघतो."

"का गं, आमचं बिल जास्त येतंय व्हय?"

दिवा पेटला. परत आले, वायरीला लावला, नाही पेटला. परत गेले, पेटला. तिसऱ्या फेरीला काकूंनी चहा ठेवला होता.

मग गाठ पूर्ण सोडवली. भिंतीतून आलेल्या केबलमध्ये दोनच वायरी होत्या. यंत्रातून आलेल्या केबलमध्ये तीन. तिसरी, हिरवी, मागं दुमडून टेपमध्ये नीट गुंडाळून ठेवली होती. तिला जोडायला भिंतीतून काही आलेलंच नव्हतं. शेजारच्या ट्यूबलाइटच्या पॉइंटवरून वायर ओढलेली, आणि ट्यूबला दोनच वायरी लागतात. टेप इतकी सफाईदार होती की ती सोडवताना मला त्या माणसाच्या हाताचं कौतुक वाटलं होतं.

यंत्राच्या बुडाला हात लावला तर बोटांना गंज लागला. मोटर आणि वरचा डबा यांच्यामध्ये एक सील असतं. ते झिजलं की पाणी मोटरीत उतरतं. उद्यमनगरच्या भाषेत 'मोटर अर्थ झाली', म्हणजे वाइंडिंगमधली वीज मोटरीच्या धातूच्या अंगात उतरली. हिरवी वायर जोडलेली असती तर ती वीज तिथल्या तिथं जमिनीत गेली असती, खटका पडला असता आणि पडलेलाच राहिला असता. इथं ती यंत्राच्या अंगात आली, यंत्राला चिकटलेल्या स्टीलच्या सिंकमध्ये आली आणि वाट बघत थांबली.

मी सिंकखालून बाहेर आले आणि आईला विचारलं, "भांडी घासताना तुला काही व्हायचं काय?"

"काय हुणार?"

"झटका वगैरे."

"झटका न्हाई. ते नेहमीचं, हाताला मुंग्या येत्यात."

मुंग्यांची तक्रार मला माहीत होती. दोनेक महिने चालू होती. वयाचं असेल म्हणून डॉक्टरांना विचारून मीच तिला बी-12 च्या गोळ्या आणून दिल्या होत्या.

"आणि लाइट जायची तेव्हा?"

"तेव्हा दचकल्यागत व्हायचं. एकदम अंधार व्हतोय म्हणून."

एक हात सिंकला, दुसरा हात नळाला. इमारत जुनी, नळाचे पाइप लोखंडी, थेट जमिनीत गेलेले. हिरव्या वायरीचं काम आई करत होती. साधारण एक मिलिअँपिअर वीज अंगातून गेली की मुंग्या जाणवतात. दहाच्या पुढं गेली की स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. मीटरजवळच्या डब्यात एक आरसीसीबी आहे. फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज तो सतत ताडून बघतो. दोन्हींत 30 मिलिअँपिअरपर्यंत फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कुठंतरी भलतीकडं गेली, की क्षणाच्या आत सगळं तोडतो. अर्थ असो वा नसो, त्याला फरक पडत नाही. तो आण्णांनी बसवून घेतला होता. तेव्हा मी म्हणाले होते, एवढे पैसे कशाला.

पावसानं भिंत ओली झाली, सील आणखी गेलं आणि गळती तीसवर पोचली. मग रोज रात्री खटका पडायला लागला. आई रोज तो वर करायची आणि उरलेली भांडी विसळायची.

दादा फोनवर काही बोलत नव्हता. मग म्हणाला, "काढून टाक ते. मी तिला तिकडं घेऊन येतो."

दोन्ही टोकं वेगवेगळी टेप करून मेन चालू केला आणि काकूंचा गार चहा प्यायले.

काढून टाकायचं हे माझंही मत होतं, पण वेगळ्या कारणानं. सिंकमधून गेलेलं पाणी शेवटी कुठं जातं हे कोल्हापुरात सगळ्यांना माहीत असतं. गावातून जयंती नाला वाहतो, तो पंचगंगेला मिळतो. नाल्याचं पाणी उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात नेतात. दिवसाला 7 कोटी 60 लाख लिटरचं ते केंद्र आहे. पण जोराचा पाऊस झाला की नाला बंधाऱ्यावरून ओसंडतो आणि सरळ नदीत जातो. पाण्यात किसलेलं अन्न मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. खाली शिरोळकडं केंदाळ माजतं, मासे मरून वर येतात. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली, तेव्हा पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळण्याचा अर्थ आम्हाला कळला. जुन्या गटारांना भार सोसणार नाही म्हणून न्यूयॉर्क शहराच्या मोठ्या भागातसुद्धा 1997 पर्यंत या यंत्राला बंदी होती.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"झालं बोलून? आता मी सांगतो. तीन जिने. जाताना पंधरा मिनिटं, येताना वीस. घंटागाडी थांबती दोन मिनिटं. ओल्या कचऱ्याची बादली घेऊन मी कुठल्या पायानं उतरू? तू रोज येणार हायस?"

मी फुलेवाडीत राहते. रोज येणार नव्हते.

"माझ्या आईकडं म्हस दारात यायची," ती म्हणाली. "खरकट्याचा डबा तिच्यापुढं केला की झालं. ती म्हस कुठं ऱ्हायली आता?"

म्हशी अजून आहेत. गंगावेशीत धारोष्ण दूध मिळतं, पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून गवळी त्यांना मिरवतात. पण त्या तिसऱ्या मजल्यावर येत नाहीत.

"आणि हे बघ," तिनं शेवटचं सांगितलं, "यंत्र न्हाई म्हणून तू न्हाईतर दादा माझी ऱ्हायची जागा बदलणार. मला ते नको. यंत्र आण."

दादाचं वाक्य तिनं ऐकलं होतं.

नवं यंत्र पुण्याहून आठवड्यात आलं. दरम्यान एक इलेक्ट्रिशियन येऊन गेला. म्हणाला, आधी प्लंबरकडून जुनं उतरवून घ्या. प्लंबर आला. म्हणाला, वायर सोडवल्याशिवाय मी हात लावत नाही. वायर सोडवलेलीच आहे असं दाखवलं, तर म्हणाला, नव्याची जोडणार कोण? दोघांना एका वेळी बोलवायचा प्रयत्न दोनदा फसला. पुढच्या रविवारी आण्णांची पिशवी उघडली.

जुनं यंत्र सिंकला एका कड्यानं लटकलेलं असतं. कडं फिरवलं की सुटतं, पण गंजलेलं फिरत नव्हतं. खलबत्त्यातला बत्ता आणि लाकडाचा तुकडा घेऊन ठोकलं. सातेक किलोचं धूड सुटलं की थेट छातीवर येणार, म्हणून खाली तांदळाचा डबा आणि त्यावर दोन जुनी टेलिफोन डिरेक्टरी ठेवल्या होत्या. त्यांचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. सिंकच्या भोकाभोवती पांढरं सिमेंट भरलेलं होतं, ते खरवडण्यात तास गेला. तिथं आता पुट्टीची वळकटी करून लावली. इथं दादाचा अनुभव उपयोगी पडला. "तीन स्क्रू थोडेथोडे, आळीपाळीनं आवळ. एकच पूर्ण आवळलास तर दुसरीकडनं गळणार." आणि, "भांडी धुवायच्या मशिनची नळी जोडायचं तोंड बंद असतं. आपल्याला ते नको, उघडू नको." या दोन सूचनांशिवाय माझा आणखी एक रविवार गेला असता.

वायरीचं मात्र मी त्याला विचारलं नाही. ट्यूबच्या पॉइंटवरून आलेली ती दोन वायरींची केबल बोर्डातूनच काढून टाकली. मिक्सरसाठी ओट्यावर 16 अँपिअरचा सॉकेट आहे, त्यात तीन वायरी होत्या. अर्थ नुसती असून भागत नाही, जमिनीपर्यंत पोचलेली असावी लागते. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल 231 आणि फेज-अर्थ 230 आले, म्हणजे ती खरी होती. मेन बंद करून तिथून तीन वायरी पट्टीतून खाली आणल्या. सिंकखाली, पण गळतीचं पाणी पोचणार नाही इतक्या उंचावर, कपाटाच्या बाजूला सॉकेट बसवला आणि यंत्राला तीन पिनांचा प्लग लावला. बटण फेजवर घेतलं. बंद करून टेस्टर लावला, दिवा पेटला नाही. काकूंकडं दोन फेऱ्या झाल्या.

थेट जोडणी ठेवली असती तरी चाललं असतं. पण आण्णा म्हणायचे, आपण केलेलं काम पुढच्या माणसाला उघडता आलं पाहिजे. आता पुढच्या माणसानं प्लग काढला की झालं. तो पुढचा माणूस बहुतेक मीच असणार.

सिंक काठोकाठ भरून एकदम सोडला. कोपराच्या वॉशरमधून थेंब आला. उघडून, फिरवून परत बसवला. थांबला.

मीटरजवळच्या डब्याच्या झाकणावर आतून आण्णांनी पेन्सिलीनं लिहिलेलं आहे: हॉल, बेडरूम, किचन, गीझर. किचनच्या पुढं मी बॉलपेननं लिहिलं, 'आणि घरघरी'.

नदीबद्दल आईनं तिच्या पद्धतीनं तोड काढली. तिनं गॅलरीतून दोरीला बादली बांधली आहे. सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की भाजीची देठं, सालं, शेवग्याचा चोथा, नारळाच्या शेंड्या त्यात घालून ती बादली खाली सोडते. गाडीवरची बाई रिकामी करून दोरी हलवते. दोघी एकमेकींच्या तब्येतीची चौकशी तीन मजल्यांच्या अंतरानं करतात, त्यामुळं ती सगळ्या इमारतीला कळते. ताटाला लागून राहील तेवढंच घरघरीत जातं. "ते तसंबी मोरीतच गेलं असतं," आई म्हणते. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. मी तिच्याशी त्यावर परत वाद घातलेला नाही.

त्या रविवारी रात्री जेवणं झाल्यावर तिनं भांडी काढली. मी मागं उभी राहिले. तिनं नळ सोडला, बटण दाबलं, घरघरी सुरू झाली. एक हात सिंकला, एक नळाला.

"मुंग्या?"

"न्हाई."

"थांब जरा. आता?"

"न्हाई म्हटलं की." तिनं दोनचार ताटल्या विसळल्या. मग म्हणाली, "मग त्या गोळ्या बंद करू व्हय?"